तीन स्लिपा आणि एकशे साठ पाउंड

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लंडनमधल्या हाउन्सलोला राहतो. माझे बाबा, वय ७२, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आले आहेत आणि पाच आठवड्यांनी परत जातील. त्यांना रेसचा नाद जुना आहे. पुण्याचा सीझन सुरू झाला की ते रेसकोर्सवर असायचे. इथे आल्यावर हाय स्ट्रीटवरचं बेटिंग शॉप त्यांनी आठवड्याभरात शोधून काढलं. मला हे कळलं ते भांडण झाल्यावर. त्यांच्याकडे तीन स्लिपा आहेत. पहिली ५० पाउंडांची, ६/१ भावाची, म्हणजे जिंकल्यास एका पाउंडामागे सहा. घोडा जिंकला, पण ३५०ऐवजी २६० पाउंड मिळाले. दुसरी १२/१ भावाने दहा-दहा पाउंड इच वे. सकाळच्या यादीत आठ घोडे होते, सात धावले. बाबांचा घोडा तिसरा आला, आणि प्लेसचे पैसे मिळतील असं बाबांना वाटत असताना हाती काहीच आलं नाही. तिसरी ४० पाउंड विन. काउंटरवरच्या मुलीने स्वतः १४/१ लिहून शेजारी सही केली आहे. घोडा जिंकला तेव्हा मॅनेजर म्हणाला, त्या वेळी स्क्रीनवर १०/१ होता, मुलीची चूक झाली, ४४० पाउंड घ्या. बाबा चिडले आणि पैसे तिथेच टाकून घरी आले. स्लिप पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे.

माझी बायको म्हणते, जुगाराचे पैसे घरात नकोत, विषय सोडा. बाबा म्हणतात, जुगाराच्या पैशाला कोर्टात किंमत नसते हे त्यांना माहीत आहे, त्यांना फक्त अपमान सहन होत नाही. मी काय करावं?

(नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सुरुवात बाबांच्या त्या वाक्यापासून करते, कारण सगळा गुंता तिथेच आहे. त्यांच्या देशापुरतं ते बरोबरच बोलत आहेत. भारताच्या १८७२च्या करार कायद्याचं ३०वं कलम पैजेचा करार रद्दबातल धरतं. पैजेत जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायच्या पाचशे रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसाच्या वर्गणीला सवलत आहे, पण बुकीकडे लावलेल्या पैजेला ती मिळत नाही. सगळं आयुष्य या कायद्याखाली काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

ब्रिटनमध्येही फार काळ हेच होतं. १८४५च्या कायद्याने पैज कोर्टाबाहेर ठेवली होती. १ मे १९६१ला बेटिंग शॉपं कायदेशीर झाली, रस्तोरस्ती उघडली, तरी दुकानाने पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाईक कोर्टात जाऊ शकत नव्हतं. हे बदललं २००५च्या जुगार कायद्याने. १ सप्टेंबर २००७पासून, ३३५व्या कलमानुसार, व्यवहार जुगाराचा आहे एवढ्याच कारणाने करार फेटाळता येत नाही. त्यामुळे बाबांची ती स्लिप इथे एक करार आहे, विजेच्या बिलाइतकाच खरा. हे त्यांना आधी सांगा. अपमानाची अर्धी आग तिथेच निवेल, कारण आपण भीक मागत नसून येणं मागतो आहोत हे त्यांच्या लक्षात येईल.

आता स्लिपा. तिन्हींकडे एकाच रागाने बघू नका. पहिल्या दोन स्लिपांमध्ये दुकानाचं बरोबर आहे, आणि हे तुम्हीच बाबांना सांगायला हवं.

पहिल्या स्लिपमध्ये जे झालं त्याला इथे सगळे 'रूल फोर' म्हणतात. पैजांचे नियम ठरवणाऱ्या टॅटरसॉल्स समितीचा हा जुना नियम जवळपास प्रत्येक दुकान पाळतं. भाव घेऊन, म्हणजे त्या क्षणीचा भाव पक्का करून, पैज लावली आणि त्यानंतर शर्यतीतून एखादा घोडा काढला गेला, तर उरलेल्यांचं काम सोपं होतं. म्हणून जिंकलेल्या रकमेतून कपात होते, आणि काढलेला घोडा जितका फेव्हरिट, म्हणजे जितक्या कमी भावाचा, तितकी ती मोठी असते. १४/१हून मोठ्या भावाचा घोडा गेला तर काही कापत नाहीत. २/१चा गेला तर पाउंडामागे ३० पेन्स जातात. बाबांचा हिशेब बघा. ५० पाउंडांवर ६/१ने ३०० पाउंड झाले. त्यातले ३० टक्के म्हणजे ९० गेले, २१० उरले, आणि मूळचे ५० धरून २६०. म्हणजे त्या दिवशी २/१च्या आसपासचा एक घोडा शर्यतीतून काढला गेला असणार. त्या शर्यतीचा निकाल उघडून नॉन-रनर, म्हणजे न धावलेला घोडा, कोण होता ते बघा. कपात जिंकलेल्या पैशातूनच होते, लावलेल्या पैशातून नाही, एवढंही तपासून घ्या. दोन्ही जुळलं तर तो विषय संपला.

दुसरी स्लिप मनाला जास्त लागते, कारण तिथे हाती काहीच येत नाही. इच वे म्हणजे दोन पैजा, एक विनची आणि एक प्लेसची. प्लेस किती जागांपर्यंत द्यायची हे किती घोडे प्रत्यक्ष धावले यावर ठरतं, पेपरात किती छापले होते यावर नाही. साध्या शर्यतीत आठ किंवा जास्त घोडे धावले तर पहिल्या तिघांना, भावाच्या एक पंचमांशाने. पाच ते सात धावले तर फक्त पहिल्या दोघांना, एक चतुर्थांशाने. सकाळी आठ नावं होती, एक घोडा गळला आणि सात धावले, म्हणजे तिसरी जागा गेली. आठ धावले असते तर बाबांना प्लेसचे ३४ पाउंड मिळाले असते. मी पूर्वी बेटिंग शॉपच्या काउंटरवर काम करायचे, तेव्हा आठाचे सात झाले की दर वेळी वाद व्हायचा, आणि दर वेळी माणसाचं तोंड उतरलेलं बघवत नसे. त्या दिवशी दुकानाने जास्त जागांची जाहिरात लावली होती का, तेवढं बाबांना विचारा. लावली असेल तर गोष्ट बदलते. नसेल तर सोडा.

तिसऱ्या स्लिपवर मात्र मी बाबांच्या बाजूने उभी आहे.

का, ते सांगते. मी अकरा वर्षं पश्चिम लंडनमध्ये काउंटरच्या आतल्या बाजूला काम केलं. ग्रँड नॅशनल या मोठ्या शर्यतीचा शनिवार होता, एरवी वर्षभर न येणारी माणसंही त्या दिवशी रांगेत असतात. एका गुजराती आजोबांनी एक घोडा सांगितला आणि भाव घ्यायला सांगितलं. मी ३३/१ लिहिलं आणि सही केली. घोडा जिंकला. ते स्लिप घेऊन आले तेव्हा मॅनेजर म्हणाला, भाव २५/१ होता, मुलीची चूक आहे. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बेटा, तूच लिहिलंस ना?" मी मान खाली घातली. मी लिहिलं तेव्हा स्क्रीनवर काय होतं हे मला आठवतच नव्हतं, आणि मॅनेजरलाही नक्की ठाऊक नव्हतं. त्याने बघितलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. आजोबांनी दिलेले पैसे मोजले, खिशात घातले आणि गेले. तक्रारीचा कागद माझ्या हाताशी होता आणि मी तो पुढे केला नाही. त्या दुकानातून बाहेर पडून मला बरीच वर्षं झाली, तरी हे विसरले नाही. तुमच्या बाबांनी पैसे काउंटरवर टाकले हे वाचून मला त्या आजोबांचा पाठमोरा कोट आठवला.

तुमच्या वादाचा गाभा असा. प्रत्येक दुकानाच्या नियमांत उघड चुकीचं कलम असतं. कुणी बोटचुकीने १४/१च्या जागी १४०/१ लिहिलं, तर दुकान ते नाकारू शकतं आणि खऱ्या भावाने पैसे देऊ शकतं. हे कलम मला अन्यायाचं वाटत नाही. बाबांच्या स्लिपवर १४०/१ असतं तर मीच तुम्हाला ४४० घेऊन या म्हटलं असतं. पण १४ आणि १० यांत उघड चूक कुठे आहे? शर्यतीआधीच्या दहा मिनिटांत भाव १४वरून १०वर येणं रोजचं आहे. बाबांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं तेव्हा १४ असेल आणि स्लिप स्कॅन होईपर्यंत १० झाला असेल, हे अगदी शक्य आहे. तसं असेल तर मुलीने केलेली ती चूक नाही, तिने दिलेला शब्द आहे. शिवाय भाव बाबांनी स्वतः लिहिलेला नाही, दुकानाच्या माणसाने लिहून सही केली आहे. स्लिपवर हीच गोष्ट सगळ्यात मोलाची आहे.

म्हणून प्रश्न एकच: पैज घेतली त्या मिनिटाला भाव काय होता? पावतीवर वेळ छापलेली असते. भाव कधी बदलला याची नोंद दुकानाच्या मुख्य कार्यालयात असते, आणि काउंटरवर कॅमेरा असतो. मॅनेजरने तोंडी सांगितलेल्या १०/१ला या नोंदीचा आधार आहे का, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे. फुटेज मात्र फार दिवस ठेवत नाहीत. त्यामुळे आजच कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा. काउंटरवर जाऊन बोलू नका, तिथली मुलगी काही करू शकत नाही आणि तिला रडवून काही मिळणार नाही. मेलमध्ये दुकानाचा पत्ता, तारीख, पावतीवरची वेळ आणि स्लिपचा नंबर लिहा. मग तीन मागण्या मांडा. १४/१ने ६०० पाउंड द्यावेत, म्हणजे देऊ केलेल्या ४४०हून १६० जास्त. नकार असेल तर कुठल्या नियमाखाली, ते लेखी कळवावं. त्या वेळच्या भावाची नोंद आणि फुटेज जपून ठेवावं. स्वतःचं फुटेज मागण्याचा हक्क बाबांना माहिती संरक्षणाच्या कायद्याने आहे आणि कंपनीने एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं, हेही त्यातच लिहा. सही बाबांची हवी. पैज त्यांची आहे, तुमची नाही. पाच आठवड्यांनी ते पुण्याला जाणार असल्यामुळे त्यांच्या वतीने पत्रव्यवहार तुम्ही कराल असं अधिकारपत्रही त्यांच्या सहीने सोबत जोडा.

दुकानात एकदा जा, पण वाद घालायला नाही, वाचायला. पैजेच्या अटींचा फलक गिऱ्हाइकाला दिसेल असा लावणं दुकानावर बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढा. उघड चुकीचं कलम शब्दशः काय आहे ते वाचा. तिथेच, किंवा तक्रारीच्या कागदावर, वाद कुठल्या स्वतंत्र संस्थेकडे न्यायचा तिचं नाव सापडेल. बर्मिंगहॅमचं गॅम्बलिंग कमिशन परवाने देतं आणि नियम करतं, पण एकेकट्या गिऱ्हाइकाचा निवाडा करत नाही. पुष्कळ लोक तिथे अर्ज पाठवून महिने घालवतात. कमिशनच्या परवान्याची अट मात्र तुमच्या उपयोगाची आहे: प्रत्येक कंपनीने गिऱ्हाइकाला फुकट मिळेल अशी बाहेरची तंटा-निवारण संस्था नेमलेली असलीच पाहिजे. दुकानांच्या बाबतीत बहुधा ती आयबास असते, १९९८पासून हेच काम करते. कंपनीने अंतिम नकार दिला, किंवा आठ आठवडे उलटूनही निकाल लावला नाही, की तिच्याकडे जायचं. सगळं कागदावर चालतं, सुनावणीला हजर राहावं लागत नाही, त्यामुळे बाबा पुण्यात असले तरी अडत नाही. दहा हजार पाउंडांपर्यंतचा तिचा निर्णय नोंदणी केलेल्या कंपन्या पाळतात. निर्णय विरुद्ध गेला तरी तुमच्यासाठी कोर्टाचा दरवाजा बंद होत नाही. इंग्लंडमध्ये दहा हजारांपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या मार्गाने जातो आणि सहा वर्षांची मुदत असते. १६० पाउंडांसाठी कोर्टात जा असं मात्र मी सांगणार नाही. आधी भरायची फी आणि मनस्ताप यांचा मेळ बसत नाही. आयबासला काही खर्च नाही, तिथवर नक्की जा.

नियमाच्या कागदात लिहिलं म्हणजे कंपनी जिंकलीच, असं बाबांना वाटत असेल तर त्यांना दोन निकाल सांगा. लिंकनशायरचे अँड्र्यू ग्रीन २०१८च्या जानेवारीत फोनवरच्या ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात १७ लाख पाउंड जिंकले. बेटफ्रेड या बेटिंग कंपनीने सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाचं कारण देऊन पैसे नाकारले. एप्रिल २०२१मध्ये हायकोर्टाने ग्रीन यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनी ज्या अटींचा आधार घेत होती त्या गिऱ्हाइकाला कळतील अशा स्पष्टपणे समोर ठेवलेल्याच नव्हत्या, हे त्यातलं एक कारण. पुढे मार्च २०२५मध्ये ग्लॉस्टरशायरच्या कॉरीन डर्बर यांचा निकाल लागला. स्क्रीनवर सुमारे ११ लाख पाउंडांचा जॅकपॉट दिसला होता आणि पॅडी पॉवर कंपनीने २०,२६५ पाउंड दिले होते. कोर्टाने स्क्रीनवर दिसलेली रक्कम धरली. ही दोन्ही प्रकरणं ऑनलाइन खेळांची आहेत, हाय स्ट्रीटवरच्या घोड्याच्या भावाला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत. पण गिऱ्हाइकाला दाखवलेला आकडा वजनदार असतो, आणि अटींच्या ढिगात पुरलेलं कलम काढून त्याच्या तोंडावर मारता येत नाही, एवढं त्यांतून नक्की कळतं. बाबांचा आकडा तर दुकानाच्याच हाताने लिहिलेला आहे.

दोन बारीक गोष्टी. मोठी रक्कम असेल तर दुकान ओळखपत्र मागतं, किंवा गल्ल्यात तेवढी रोकड नाही म्हणून बँकेत भरायचं म्हणतं. त्यात काही गैर नाही. बाबांचं इथे खातं नसेल तर ते आधीच सांगून रोख कधी मिळेल ते विचारा. सहाशेपर्यंतच्या रकमेला बहुधा अडचण येत नाही. दुसरं, जिंकलेल्या पैशावर इथे कर नाही, पण बाबा भारतातले करदाते आहेत. तिथल्या विवरणपत्रात काय दाखवायचं ते त्यांच्या सीएला विचारायला लावा.

आता तुमच्या घराबद्दल. तुमच्या बायकोचं म्हणणं मी हलकं घेत नाही. जुगाराने उठलेली घरं मी काउंटरच्या आतून बघितली आहेत. पगाराच्या दिवशी सकाळी येणारी आणि दुपारी घरी जायला बसचं भाडं मागणारी माणसं बघितली आहेत. तिची भीती खरी आहे. पण तिने दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत. बाबांनी पैज लावावी का, हा एक प्रश्न. लावून झालेल्या पैजेचे पैसे दुकानाने ठेवून घ्यावेत का, हा दुसरा. १६० पाउंड सोडून दिले म्हणून बाबांची सवय सुटणार नाही, दुकानाचा फायदा होईल इतकंच. ते पैसे घरात नको असतील तर बाबांना त्यांचं काय करायचं ते ठरवू द्या, परत जाताना ते सोबत नेतील.

पहिला प्रश्न मात्र तुम्ही विचारायलाच हवा, आणि एकांतात. तीन स्लिपा तुम्ही बघितल्या, न जिंकलेल्या किती फाडल्या गेल्या? ते पेन्शनचे पैसे लावतात का? हरल्यावर त्याच दिवशी पुन्हा जातात का? दुकानातल्या जुगाराच्या मशिनवर बसतात का? घोडा बघणं, चाल ओळखणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा शौक असेल, पण त्या मशिनमध्ये शौकाचं काही नाही. महिन्याला ठरावीक रक्कम आणि फक्त शनिवारची शर्यत असं असेल, तर परक्या गावात वेळ काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तो विरंगुळा आहे. तसं समजून एखाद्या शनिवारी तुम्हीच त्यांच्याबरोबर जा. उत्तरं टाळत असतील, आकडे लपवत असतील, तर जुगाराच्या सवयीत अडकलेल्यांना मदत करणाऱ्या गॅमकेअरची हेल्पलाइन आहे: ०८०८ ८०२० १३३. फुकट, रात्रंदिवस चालू, आणि घरच्या माणसांनीही फोन करायला चालतो. दुकानात प्रवेश बंद करून घेण्याची सोयही आहे, पण ती त्यांनी स्वतः मागावी लागते.

आज रात्री जेवणं झाली की बाबांच्या शेजारी बसा आणि त्या दुपारी काय घडलं ते त्यांच्या तोंडून मराठीत लिहून घ्या. स्क्रीन कुठे होती, त्यांनी काय विचारलं, मुलीने काय उत्तर दिलं, मागे रांग होती का. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. नंतर तुम्ही इंग्रजी करा आणि त्यांना वाचून दाखवून सही घ्या. मॅनेजर द्यायला तयार असलेले ४४० पाउंड घ्यायला हरकत नाही, त्याने उरलेल्या १६०वरचा हक्क जात नाही. फक्त सगळा हिशेब मिटला असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. स्लिप किती दिवसांत वटवावी लागते तेही त्या फलकावर बघून घ्या. आणि ती काउंटरवर देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, त्या मुलीच्या हातचा १४ आणि तिची सही नीट वाचता येईल असा.